नाना घाडी वळणात थांबले तेव्हा

सीताराम धाकू घाडी हे नाव फक्त पगाराच्या पाकिटावर असायचं. हँगरमध्ये सगळे त्यांना नाना म्हणायचे, साहेबसुद्धा, आणि साहेबांनी नाना म्हटलेलं नानांना मनातून आवडायचं. माणूस तिरसट. सकाळी आल्यावर पहिलं वाक्य शिवीशिवाय आलं, तर आम्ही एकमेकांना विचारायचो, आज नानांना बरं नाही काय. मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं हेल्पर होतो. त्यातली पहिली चार वर्षं मला ते बिलकूल आवडले नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्यांची आरती ओवाळतोय असं कुणाला वाटलं, तर ही चार वर्षं ध्यानात असू द्यावीत.

मी अंबादास. बहात्तरच्या दुष्काळात आमचं घर जालन्याकडून उठून घाटकोपरला आलं आणि तीन वर्षांनी मला एका विमान कंपनीच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्त करायच्या शेडमध्ये, काम लागलं. कंपनीचं नाव घेत नाही, तिने माझं घर चालवलं आहे. हँगर जुन्या सांताक्रूझच्या बाजूला होता आणि एक्क्याऐंशीपासून परदेशी जाणारे प्रवासी सहारच्या नव्या इमारतीत बसायला लागले. म्हणजे दुरुस्त झालेलं जंबो तिकडे नेऊन लावायचं काम रोजचंच झालं. ट्रॅक्टरने ओढत न्यावं तर ट्रॅक्टर कमी आणि वेळ जास्त. म्हणून कंपनीने जमिनीवरच्या पाच माणसांना विमान स्वतःच्या इंजिनावर चालवत न्यायचा परवाना दिला होता. उडवायचं नाही, फक्त जमिनीवरून न्यायचं. याला टॅक्सी करणं म्हणतात.

त्या पाचांपैकी चौघे डिग्रीवाले इंजिनिअर होते. पाचवे नाना. वडील लालबागच्या गिरणीत साचे चालवायचे, आणि नाना मॅट्रिकला गणितात गटांगळी खाऊन बावन्न साली सांताक्रूझला विमानांची पोटं पुसायला लागले. पुसता पुसता नट आवळायला शिकले, मग ब्रेक, मग चाकं, मग रात्रशाळा, मग एकामागून एक परीक्षा. परवाना हातात पडायला त्यांना एकोणतीस वर्षं लागली. ते कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ते शर्टाच्या खिशात ठेवायचे, पेनाच्या मागे, आणि लग्नाकार्यात चार माणसं जमली की काही ना काही निमित्ताने ते कार्ड बाहेर यायचंच. एखादा लांबचा मामा मुद्दाम विचारायचा, तुमच्या टॅक्सीचं मीटर कुणाच्या नावावर आहे म्हणून. नाना त्याच्याशी पंगत उठेपर्यंत बोलायचे नाहीत.

त्यांच्या आयुष्यात एवढीच एक गोष्ट त्यांनी स्वतःची म्हणून मिळवली होती. बोरीवलीचं घर सोसायटीच्या कर्जाचं, गावचं घर भावांचं. कार्ड मात्र फक्त त्यांचं होतं. दरवर्षी त्याच्यावर नवा शिक्का लागायचा आणि शिक्का लागला त्या दिवशी नाना हँगरभर पेढे वाटायचे, तेही शिव्या देत.

आता जंबो जमिनीवर चालवणं म्हणजे काय, हे सांगायला पाहिजे. मला ते नानांनीच शिकवलं, मी कधी चालवणार नव्हतो तरी. त्यांना शिकवायची खोड होती. नवीन इंजिनिअर शिकायला आला की नाना सामानाच्या एका ट्रॉलीला पुढे लांब फळी बांधायचे, फळीच्या टोकाला कॅन्टीनमधली खुर्ची ठोकायचे आणि त्या डिग्रीवाल्याला खुर्चीत बसवून आम्हा हेल्परांना मागून ट्रॉली ढकलायला लावायचे. जमिनीवर खडूने पिवळी रेघ आखलेली असायची, तिला एक काटकोनी वळण. खुर्चीतल्याने हात करून सांगायचं, आता वळवा. पहिल्या वेळी प्रत्येक जण लवकर सांगायचा. मग ट्रॉलीची चाकं रेघ सोडून आतल्या कोपऱ्यात जायची, आणि तिथे नानांनी पाण्याने भरलेल्या बादल्या ठेवलेल्या असायच्या.

"वळण दिसलं म्हणून वळायचं नाही," ते भिजलेल्या पँटीकडे बघत सांगायचे. "वळण तुझ्या खुर्चीखालून मागे जाऊ दे. चाकं तुझ्या मागे आहेत, तुझ्या बुडाखाली नाहीत."

खरोखर तसंच असतं. जंबोत चालवणारा तिसऱ्या मजल्यावर बसतो, पुढचं चाक त्याच्या बरंच मागे, आणि मोठी चाकं तर त्याच्याही मागे ऐंशी-नव्वद फुटांवर. वळताना त्याला स्वतःला गवतावर निघाल्यासारखं वाटलं पाहिजे, तेव्हा कुठे चाकं रस्त्यावर राहतात. डाव्या हाताशी एक छोटी मूठ असते, तिला टिलर म्हणतात, तिच्यावर पुढचं चाक वळतं. नाना सांगायचे, ती मूठ लहान मूल झोपलेल्या पाळण्याच्या दोरीसारखी धरायची. झटका द्यायचा नाही, आणि वळवायला घेतली की हळूहळू वळवत न्यायची.

दुसरी गोष्ट वेगाची. इतक्या उंचावरून जमीन सावकाश सरकते असं वाटतं, आणि माणूस नकळत जोरात जातो. वेग दाखवणारा आकडा समोर असतो, पण नाना त्याच्याइतकाच पंखाखाली चालणाऱ्या हेल्परवर विश्वास ठेवायचे. हँगरमधून बाहेर पडताना पहिल्या कोपऱ्यापर्यंत आम्ही दोन्ही पंखांच्या टोकांशी चालायचो, कारण पंखांची टोकं वर बसलेल्याला दिसतच नाहीत. आम्हाला पळायला लागलं की नाना समजायचे, वेग जास्त झाला. सतत ब्रेकवर पाय ठेवून चालवणाऱ्याला ते म्हणायचे, चांभाराकडे जा, बुटाचे तळ झिजले असतील. ब्रेक एकदाच नीट दाबायचा, वेग उतरवायचा आणि सोडून द्यायचा, नाहीतर चाकं तापतात.

आणि शेवटची, ज्याच्यावर ते सगळ्यात जास्त ओरडायचे. वळणात थांबायचं नाही. थांबायचं असेल तर वळण पुरं करायचं, नाक सरळ करायचं, चार पावलं सरळ जायचं आणि मग थांबायचं. वळणात थांबलं की चाक तिरकं राहतं, आणि तेवढं मोठं धूड तिरक्या चाकावर पुन्हा हलवायला इंजिनांना जोर द्यावा लागतो. तो जोर पुढे विमान ढकलतो आणि मागे वारा सोडतो. मागे काय आहे ते चालवणाऱ्याला दिसत नाही. त्या वाऱ्याने जीप उलटलेली मी बघितली आहे.

विमानातून नाना एकदाच गेले होते, दिल्लीला, कंपनीच्या फुकट पासावर. सुगंधाकाकी, म्हणजे त्यांची बायको, सांगायची की दोन तास उड्डाणाबद्दल हे एक अक्षर बोलले नाहीत, फक्त उतरल्यावर पायलटने वळण लवकर घेतलं म्हणून शेजारच्या माणसाला पकडून समजावत बसले. बोरीवलीच्या त्यांच्या सोसायटीत कुणाचं कपाट जिन्यावरून चढवायचं असलं तरी नानांना बोलावत. ते वरच्या पायरीवर उभे राहून दोन्ही हातांनी खुणा करायचे आणि हमालांना कळत नाही म्हणून संतापायचे. कपाटं मात्र कधी भिंतीला घासली नाहीत.

हे सगळं शहाऐंशीच्या ऑक्टोबरापर्यंत.

विमानतळाच्या आत, धावपट्ट्यांच्या मधे आणि कडेला, पावसाळ्यानंतर कमरेएवढं गवत वाढतं. ते कापायला ठेकेदार बायका आणायचा. त्या विळ्याने कापायच्या, भारे बांधायच्या आणि संध्याकाळी ठेकेदाराचा टेम्पो ते गवत जोगेश्वरीच्या तबेल्यांत नेऊन टाकायचा. आमच्या कोपऱ्यात कापणाऱ्या बायका साकीनाक्याच्या, बहुतेक मराठवाड्यातल्या, आमच्याच, गावकुसाबाहेरच्या समाजाच्या. त्यांची म्होरकी द्रौपदी, तिचं गाव माझ्या गावापासून तीन कोसांवर. ती मला भाऊ म्हणायची. पन्नाशीची, किडकिडीत, जिभेला धार. नानांशी तिचं रोज वाजायचं. नाना ओरडायचे, रेघेच्या आत येऊ नका, आणि ती म्हणायची, रेघ तुमची हाय, गवत आमचं हाय.

त्यात एक भानगड होती. पंच्याऐंशी साली विमानात बॉम्ब फुटला, त्यानंतर बंदोबस्त फार कडक झाला होता. आत यायला प्रत्येकाला फोटोचं कार्ड लागायचं. ठेकेदाराने कार्डं काढली चार आणि बायका आणायचा सात. चौघींची कार्डं सातजणी वापरायच्या, गेटवर गर्दीच्या वेळी, पदर पुढे ओढून. द्रौपदीची सून शकू तर महिनाभर दुसऱ्या कुणाच्या फोटोवर आत येत होती. पकडली असती तर ठेकेदार हात वर करून मोकळा झाला असता, आणि पोलीस ठाण्यात बायका बसल्या असत्या. हे मला ठाऊक होतं. नानांनाही ठाऊक होतं, कारण त्यांच्यापासून त्या कोपऱ्यातलं काही लपायचं नाही.

त्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला आम्ही जंबो बाहेर काढलं. दुपारचं लंडनचं फ्लाइट, विमान वेळेवर लावायचं म्हणून सकाळपासून फोनावर फोन. नाना डाव्या खुर्चीत, उजवीकडे एक तरुण इंजिनिअर रेडिओ सांभाळायला. मी डाव्या पंखाच्या टोकाखाली चालत होतो. विमानाच्या शेपटीत एक छोटं इंजिन असतं, त्याच्यावर मोठी इंजिनं सुरू करता येतात, पण ते त्या दिवशी नादुरुस्त होतं. मोठी इंजिनं बंद पडली तर ती पुन्हा सुरू करायला बाहेरून गाडी आणावी लागणार, नाहीतर विमान ट्रॅक्टरने ओढत न्यावं लागणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

पहिल्या कोपऱ्यावर नानांनी उजवीकडे वळायला घेतलं, अगदी नेहमीसारखं, वळण खुर्चीखालून मागे गेल्यावर. विमान अर्धं वळलं आणि मला डावीकडे पाइप भरलेला एक ट्रक दिसला. कुणाचा तरी, रस्त्याच्या कडेला नको तेवढा पुढे येऊन उभा, ड्रायव्हर गायब. पंख त्याच्यावरून जातो की नाही, मला सांगता येईना. मी दोन्ही हात डोक्यावर फुली करून धरले. फुली म्हणजे थांब. नाना थांबले. वळणात.

ट्रकचा ड्रायव्हर धावत आला, ट्रक मागे घेतला, दोन मिनिटांत रस्ता मोकळा. मी हात खाली केले, या अशी खूण केली. विमान हललं नाही. मी पुन्हा खूण केली. वर काय चाललं होतं ते मला नंतर नानांनीच सांगितलं. शेजारचा इंजिनिअर म्हणत होता, जोर द्या. कंपनीचा माणूस रेडिओवरून म्हणत होता, काय झालंय, निघा. टॉवरला नानांनी विचारायला लावलं, मागे कोणी आहे का. टॉवरने सांगितलं, मागचा भाग मोकळा दिसतो, फक्त मोडीत काढलेला एक जिना उभा आहे.

तो जिना आम्हा सगळ्यांना माहीत होता. प्रवासी उतरवायचा जुना लोखंडी जिना, दोन मजले उंच, चाकं गंजलेली, दोन वर्षं त्या कोपऱ्यात गवतात पडून. सरळ जाताना तो विमानाच्या बाजूला असायचा. पण अर्ध्या वळणात शेपटी नेमकी त्याच्याकडे फिरली होती.

वळायच्या आधी नानांनी उंचावरून गवताकडे एक नजर टाकली होती. ती त्यांची सवय. भारे बांधलेले दिसले, एका ओळीत, आणि गवतात बाई एकही नाही. नाना वेंगुर्ल्याकडचे, गवत कापलेला माणूस. बांधलेला भारा टाकून बाई घरी जात नाही, एवढं त्यांना कळत होतं. ऊन वर आलेलं, जेवायची वेळ, आणि त्या माळावर सावली एकच. बायका जिन्याखाली बसल्या असणार. असणार, एवढंच. दिसत नव्हतं काही, आणि चालू इंजिनांच्या मागे बघायला माणूसही पाठवता येत नव्हता.

नानांनी चारही इंजिनं बंद केली.

आवाज उतरत गेला तसा मी मोठा वळसा घालून मागे पळालो. जिन्याखाली सातही जणी होत्या. हातात भाकरी, दुसऱ्या हाताचं बोट कानात. नुसत्या चालू इंजिनांच्या वाऱ्याने त्यांची फडकी केव्हाच उडून गेली होती आणि जिना अजून करकरत होता. एका चाकाखाली लावलेला दगड निसटून बाजूला पडला होता. नानांनी जोर दिला असता तर तो जिना बायकांवर आडवा झाला असता.

द्रौपदी हसत होती. विचारत होती, भाऊ, बंद का पडलं, तेल संपलं का. मी तिला काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्यांनी भाकऱ्या गुंडाळल्या, भारे उचलले आणि नाल्याच्या कडेने निघून गेल्या. ट्रॅक्टर येईपर्यंत तिथे कुणी नव्हतं.

ट्रॅक्टर पाऊण तासाने आला, जोडायचा दांडा त्याच्यानंतर आणखी अर्ध्या तासाने. तोपर्यंत आमच्या मागे दोन विमानं अडकून पडली होती. लंडनचं फ्लाइट साडेचार तास उशिरा गेलं, चारशे माणसं सहारला घामाघूम. संध्याकाळी नानांना चौकशीचं पत्र मिळालं. आरोप साधा होता. आधी वळणात थांबले, ते माझ्या खुणेमुळे, त्याबद्दल तक्रार नाही. पण रस्ता मोकळा झाल्यावर, टॉवरने मागे मोकळं आहे सांगितल्यावर, कारण नसताना इंजिनं बंद केली. उत्तर समाधानकारक नसेल तर परवाना रद्द.

मला वाटलं, यात घाबरायचं काय. मागे सात बायका होत्या हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. मी दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये नानांना तसं म्हणालो, साहेबांपुढे मी सांगतो, नावानिशी सांगतो. नानांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"तू कोणाक बघूक नाय," ते म्हणाले. नाना चिडले किंवा आतून हलले की मालवणीवर यायचे. "कळला? थंय कोण नव्हता."

मी वाद घातला. माझा पारा चढला होता, मी त्यांना बरंच बोललो. एकोणतीस वर्षं घासून मिळवलेलं कार्ड असं फुकट घालवायचं असेल तर माझी ना नाही, पण मला खोटं बोलायला लावू नका, असंही म्हणालो. नानांनी सगळं ऐकून घेतलं, आणि त्यांनी ऐकून घेतलं याचीच मला भीती वाटली. मग त्यांनी सावकाश मांडून सांगितलं. चौकशीत बायका आल्या की गेटचं रजिस्टर येणार. रजिस्टर आलं की चार कार्डांवर सात बायका निघणार. सध्याच्या दिवसांत याचा अर्थ काय, ते मला सांगायला नको.

"माझा कार्ड गेला तर माका खयतरी बसवतीत," ते म्हणाले. "त्येंका कोण बसवतलो?"

चौकशी पाच दिवसांनी झाली. तीन साहेब, एक पंखा, एक टाइप करणारी बाई. नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, कार्ड खिशात. साहेब वाईट नव्हते, हेही सांगायला हवं. त्यातले एक जण नानांना पंचवीस वर्षं ओळखत होते आणि त्यांना वाचवायला निमित्त शोधत होते. त्यांनी तीन-तीनदा विचारलं, नाना, तुम्हाला काही दिसलं होतं का. नाना म्हणाले, मला मागचं दिसत नव्हतं. साहेब म्हणाले, मागचं कुणालाच दिसत नाही, म्हणून तर टॉवरला विचारायचं. नाना म्हणाले, हो. भाऱ्यांबद्दल बोलले असते तर बायकांपर्यंत वाट गेली असती, म्हणून तेही बोलले नाहीत. मग उरलं काय, तर एक म्हातारा होत चाललेला माणूस, ज्याला शंका आली आणि ज्याने चारशे लोकांचा दिवस वाया घालवला.

मग मला आत बोलावलं. विमानाच्या मागे तू गेला होतास, कितीजण होते तिथे, असा सरळ प्रश्न. मी नानांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मला खोटं सांगता आलं नसतं.

"कोणी नव्हतं, साहेब," मी म्हणालो. टाइप करणाऱ्या बाईने ते टाइप केलं.

निकालात त्यांनी लिहिलं की वयोमानाने निर्णयक्षमता कमी झाली असावी. नानांना त्या एका ओळीचा जेवढा राग आला तेवढा परवाना गेल्याचाही आला नाही. साहेबांसमोर त्यांनी कार्ड पेनाच्या मागून काढलं, प्लॅस्टिकचं पाकीट काढून घेतलं, कारण ते स्वतःच्या पैशाचं होतं, आणि कार्ड टेबलावर ठेवलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, जेवलास काय. मला रडू येत होतं आणि हे जेवणाचं विचारतात, म्हणून मी तिथून निघून गेलो.

त्यांना हत्यारांच्या खोलीत बसवलं. खिडकीच्या मागे उभं राहायचं, मेकॅनिकने पितळी बिल्ला दिला की पाना द्यायचा, पाना परत आला की बिल्ला परत करायचा. निवृत्तीला चार वर्षं होती. बाहेर जंबो सुटलं की ते खिडकीबाहेर बघायचे नाहीत. पण त्यांचा डावा हात फळीवर असायचा आणि तो हळूहळू, एकसारखा वळत जायचा. त्यांच्या ते लक्षातही यायचं नाही. माझ्या यायचं, म्हणून मी बिल्ला टाकून लवकर निघायचो.

शिवी देणंही बंद झालं. हँगर शांत झाला. खुर्चीची ट्रॉली कुणीतरी सामानाला वापरायला नेली.

द्रौपदीला महिनाभर काही माहीत नव्हतं. तिने मला मरोळच्या नाक्यावर गाठलं आणि विचारलं, ते खेकसणारे बाबा दिसत नाहीत, गेले का कुठं. मी आधी टाळलं. मग सगळं सांगून टाकलं, जिन्यापासून टाइप करणाऱ्या बाईपर्यंत, माझं वाक्यसुद्धा. सांगताना मी तिच्यावरच चिडत होतो, जशी काही चूक तिची. सगळं ऐकून ती म्हणाली, मला त्यांच्याकडं ने.

रविवारी मी द्रौपदीला आणि शकूला घेऊन बोरीवलीला गेलो. नाना बनियनवर पेपर वाचत होते. आम्हाला दारात बघून उठले, शर्ट घालून आले, आणि मला डोळ्यांनीच विचारलं की तू बोललास ना. सुगंधाकाकीने पाणी दिलं. तिलाही यातलं काही माहीत नव्हतं. घरात त्यांनी एवढंच सांगितलं होतं की वय झालं म्हणून काम बदललं.

द्रौपदी खुर्चीवर बसली नाही, उभीच राहिली. म्हणाली, आम्ही साहेबाकडं येतो, सातीजणी येतो, काय व्हायचं ते होऊ द्या. नाना नाही म्हणाले. ती पुन्हा म्हणाली. नाना पुन्हा नाही म्हणाले, आणि या वेळी जुन्या आवाजात, जो मी दीड महिना ऐकला नव्हता. झालेल्या गोष्टीचा कागद झालाय, आता तुम्ही आलात तर तुम्ही आत जाल, हा अंबादास खोटी साक्ष दिली म्हणून नोकरीवरून जाईल आणि माझं कार्ड काही परत येणार नाही, असं ते म्हणाले. सुगंधाकाकी एकदा यांच्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत होती.

"कागदावर लिवलंय की तितं कुणीच नव्हतं," द्रौपदी म्हणाली. "मग बाबा, आम्ही कोण?"

ते ती भांडायला म्हणाली नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. शकूने तिच्या मागे पदर तोंडाला लावला. मला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं, कारण ते वाक्य माझं होतं. आमच्या माणसांना तुम्ही नाहीच असं आजवर बऱ्याच जणांनी सांगितलंय. त्यात माझं नाव लागलं होतं, आणि तेही त्यांना वाचवायला.

नानांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"तुमी होतास," ते म्हणाले. "तुमी होतास म्हणानच तर मी थांबलंय."

मग ते माझ्याकडे वळले, आणि साहेबांनी विचारलं होतं तसंच, सरळ विचारलं.

"आंबादासा, किती जणी होती रे थंय?"

"सात," मी म्हणालो.

मी पुन्हा म्हणालो, सात, आणि बोटांवर मोजत एकेकीचं नाव घ्यायला लागलो. सहावं नाव मला आठवेना. ते शकूने सांगितलं. सुगंधाकाकी नानांच्या शेजारी येऊन बसली होती आणि प्रत्येक नावाला मान हलवत होती.